सरूची कोरी कॉफी

साखर किती?

हे सरू गिऱ्हाइकाला विचारत नाही. रोह्याच्या एसटी स्टँडसमोर तिची टपरी आहे आणि तिथे साखर किती हे ती ठरवते.

स्टीलच्या ग्लासात कॉफीची पूड. पुडीवर साखर. त्यावर दुधाचे थेंब, फक्त थेंब, आणि मग चमचा. फेटायचं. मनगट आधी दुखतं, मग दुखायचं थांबतं, तोवर फेटायचं. काळपट लगदा फिका होतो, फुगतो, चमच्याला धरून बसतो. वरून आटवलेलं म्हशीचं दूध, उंचावरून, फेस येईल असं. किसलेलं जायफळ, नखावर राहील एवढं. रात्रपाळी करून आलेली कंपनीतली माणसं ही कॉफी उभ्याउभ्या पितात आणि घरी जाऊन झोपतात. कॉफीने झोप उडते हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

प्रत्येक पातेल्यातला पहिला कप सरूचा. स्वतः प्यायल्याशिवाय ती विकत नाही. दिवसाला किती पातेली होतात ते तिने कधी मोजलं नव्हतं. मोजलं ते डॉक्टरीणबाईंनी, तिला समोर बसवून, आणि मोजून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

हे काल झालं. आज सकाळी पातेलं उकळलं, सरूने पहिला कप भरला आणि नवऱ्याच्या हातात दिला. रघू कंपनीत हेल्पर आहे. शिफ्ट नसली की टपरीवर वडे तळतो.

"तुम्ही प्या. साखर बरोबर हाय का तेवढं सांगा."

"आन् तू?"

"मी नाय पीत."

"तू कॉफी पीत नाय? उद्या सांगशील कुंडलिका नदी उलटी वाहते."

"भरतीला वाहतेच की."

रघूने कप तोंडाला लावला. चव घेतली. बरोबर आहे म्हणाला. त्याला सगळंच गोड बरोबर वाटतं, हे दुपारपर्यंत गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं.


कशासाठी?

सरूचा थोरला भाऊ सखा. राहणार कासू, तालुका पेण. भाताची शेती, पावसाळ्यानंतर वाल. त्याचं लिव्हर निकामी होत चाललंय. गावात लिव्हर म्हणजे दारू, त्यामुळे गावाने आपलं ठरवून टाकलंय. सखाने आयुष्यात दारू तोंडाला लावली नाही. कधीकाळची कावीळ आत दबून राहिली आणि तिने हळूहळू आतून पोखरलं, असं पनवेलपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं. आता कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा.

विमल, सखाची बायको: रक्तगट जुळत नाही.
गिरजाबाई, आई: वय.
सखाची मुलं: लहान.
सरू: रक्तगट जुळतो. वय बसतं. नवरा हो म्हणाला. (आधी नाही म्हणाला होता. एक पूर्ण दिवस बोलला नाही. मग भाजीत मीठ कमी आहे म्हणाला आणि त्याच दमात, "कुठं सही करायची?")

सगळं जुळलं. मग सरूच्या पोटाचा फोटो काढला.

"चरबी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोटावर? ती हाय. दिसतेच."

"लिव्हरवर. लिव्हरच्या आत. असं लिव्हर आम्ही घेत नाही. उरलेलं तुम्हाला पुरणार नाही, आणि दिलेलं त्यांना लागू पडणार नाही."

"तेल सोडते."

"तेल नंतर बघू. साखर सोडा. भात, पोहे, मैदा, बटाटा, फळांचे रस. कॉफी किती पिता?"

तेव्हा ते मोजणं.

"कॉफीपण सोडू?"

"कॉफी प्या. लिव्हरला बरीच आहे. पण कोरी. साखर नाही, दूध नाही."

"उतरेल चरबी?"

"उतरते. पुष्कळांची उतरलीय. तुमची किती आणि कधी, ते तुमच्यावर."

"दादाला तेवढा वेळ हाय?"

डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर पुढे ओढलं. पुढच्या महिन्याच्या शेवटची तारीख दिली.


मग खायचं काय?

अंडी. सुकट. बोंबील, भाजून. माठ, मुळ्याचा पाला, वांगं. वाल थोडे, वाटीच्या तळाला. मटण चालतं म्हटल्यावर रघू खूश झाला, मग भाव आठवून गप्प झाला. भात नाही. तांदळाची भाकरी नाही. घावन नाही. भाताच्या लोकांत जन्मून भाताशिवाय जेवायचं म्हणजे सरूला पहिल्या दिवशी जेवण झालं असं वाटेचना. ताट धुऊन झाल्यावरही ती कशाचीतरी वाट बघत बसली.

टपरीवर:

"सरूताई, कॉफीत हात सैल सुटला काय? जिभेला मुंग्या लागल्या."

"ताई, कालची गोड, आजची अगोड. भांडलात काय दोघं?"

"वजन कमी करतेस? कशाला गो, कुठं नाचायला जायचंय?"

"साखर सोडलीस म्हणतात. लागलीय काय साखर? लागली असंल तर सांग, माझ्या मेव्हण्याकडं औषध हाय, पाला हाय, मोफत हाय."

सरू कुणाला काही सांगत नव्हती. कासूला बातमी पोचली असती, आणि कासूला आई होती.

कोरी कॉफी पहिल्यांदा प्यायली तेव्हा तिला ओल्या लाकडाचा धूर आठवला. दुसऱ्यांदाही तोच. साखर जायला तितका त्रास झाला नाही. दूध गेलं तेव्हा खरा झाला. साखर जिभेवर असते. दूध कपाला धरलेल्या हातालाही कळतं, जड लागतं. कोरी कॉफी हलकी. कपात काही नाहीच असं वाटून ती दोनदा आत डोकावून बघायची.

एकदा दुपारी टपरीवर कुणी नव्हतं. सकाळी विमलचा फोन आला होता: सखाच्या पोटात पुन्हा पाणी भरलं, काढून आणलं, डोळे हळदीसारखे. सरूने फोन ठेवला. कामं उरकली. मग तिने ग्लास घेतला. पूड. साखर, नेहमीची. थेंब. फेटलं. दूध. जायफळ. हे सगळं हातांनी केलं, ती फक्त बघत होती. अर्धा ग्लास पोटात गेल्यावर ती थांबली.

गोड. इतकं गोड की दात दुखले. आणि इतकं चांगलं की तिला रडू आलं.

उरलेला अर्धा तिने फेकला, ग्लास विसळून पालथा घातला, शेजारच्या पानवाल्याला "जरा बघ" म्हणाली आणि चालायला लागली. नदीच्या कडेने, पुलापर्यंत, पूल ओलांडून पलीकडे, पुन्हा मागे. साडीचा काठ धुळीने भरला. स्वतःला ती मोठ्याने शिव्या देत होती. समोरून येणारा सायकलवाला घाबरून बाजूला झाला. परत आली तेव्हा गिऱ्हाईक उभं होतं.

"कुठं गेलीस?"

"चरबी टाकायला," सरू म्हणाली.

त्या दिवसापासून ती रोज चालते. पातेल्यात बोट नाही, डावावरची साय नाही, कपाच्या काठाचा थेंब नाही. साखरेचं माप तिने जिभेवरून काढून डोळ्यावर घेतलं: फेटलेल्या लगद्याचा रंग किती फिका झाला, चमच्यावरून किती सावकाश सुटला. कॉफी हळूहळू पहिल्यासारखी व्हायला लागली. रघूला चाखायच्या कामावरून काढलं.


उपास कुणाचा?

रोह्याहून सकाळची गाडी. निडी, नागोठणे, कासू. सरू दर आठवड्याला जाते. पिशवीत उकडलेली अंडी आणि कॉफीची डबी.

गिरजाबाईंच्या लक्षात पहिल्याच खेपेला आलं. लेक भात वाढू देत नाही.

"काय गो, जेवत का नाय?"

"उपास हाय."

तोंडातून निघून गेलं. आईचा चेहरा उजळला. लेकीने भावासाठी उपास धरला. गिरजाबाई उठल्या, आत गेल्या, आणि सरू अंड्याची पिशवी पायामागे सरकवेपर्यंत बाहेर आल्या ते हातात साबुदाणा घेऊन.

"भिजवते. दाण्याचं कूट हाय."

"साबुदाणा नाय चालत, आये."

"मग रताळं उकडते."

"रताळं बी नाय."

"केळं खा."

"केळं नाय."

"अगो, कसला हा उपास? कुठल्या देवाचा?"

"कडक हाय," सरू म्हणाली. "देव नवीन हाय."

आतल्या खोलीत सखा गादीवर पडून ऐकत होता. हसताना त्याच्या पोटात दुखतं, तरी हसला. सरू आत गेली तेव्हा म्हणाला, "देवाचं नाव सांग ना आयेला. फॅटी लिव्हर महाराज."

"गप. ऐकंल ती."

"कधी सांगणार?"

"आधी फोटो चांगला येऊ दे. नाय आला तर सांगायची गरज काय?"

सखा छताकडे बघत राहिला. त्याचे हात काटक्यांसारखे झाले होते आणि पोट तेवढं वर आलं होतं. "सरू, नाय उतरली चरबी तर रडायचं नाय. मी सांगून ठेवतो."

"उतरंल."

"तू लहानपणी बी अशीच होतीस. पोहता येत नव्हतं तर विहिरीत उडी मारलीस."

"आलं ना मग?"

"मी काढली तुला."

"तेच म्हणते."

पहिल्या काही खेपांना गिरजाबाईंनी कोऱ्या कॉफीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. लेक मागच्या पडवीत चूळ भरल्यासारखी घाईने पिऊन टाकायची. तरी एकदा त्या म्हणाल्याच, "सरू, आजारी माणसाच्या घरात कोरं नको गो पिऊस. बरं दिसत नाय."

कारण आमच्याकडे दूध घरात असताना कोरा चहा एकाच घरी देतात. जिथलं माणूस नुकतंच गेलंय तिथे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात कोऱ्याचा ग्लास येतो आणि तो मुकाट्याने प्यायचा असतो. ग्लासात काळं दिसलं की कुणी "काय झालं" विचारत नाही.


कोण गेलं?

कुणी नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

झालं ते असं. रविवार होता, उन्हाळा लागलेला. तपासणीचा फोटो परवावर आलेला. सरू आणि रघू पोरांना रोह्याला शेजारी ठेवून आदल्या दिवशीच कासूला येऊन राहिले होते. सकाळी विमलने दूध तापत ठेवलं आणि ते फाटलं. डेअरी बंद झालेली. नागोठण्याहून महिपती आला होता, सखाचा चुलतभाऊ. त्याला चहा तरी द्यायला हवा. चहाची पूड डब्याच्या तळाला. सरू म्हणाली, "थांबा, माझ्या डबीतली कॉफी करते. कोरीच प्या सगळे आज, मरत नाय कुणी."

तर पुढच्या पडवीत चौघं बसले. सरू, आत्ताच न्हालेली, केस मोकळे. रघू, मान खाली, कारण कॉफी कडू. महिपती, मान आणखी खाली, कारण पाहुण्याला नको म्हणता येत नाही. विमल, डोळे सुजलेले, कारण रात्रभर सखाला उलट्या होत होत्या आणि ती जागी होती. चौघांच्या हातात काळे ग्लास. त्यांच्या पाठीमागच्या उघड्या दारातून आतली गादी दिसत होती आणि गादीवर सखा, माश्या सतावतात म्हणून डोक्यावरून पांढरी चादर घेऊन, आडवा.

गावातली धोंडुबाई पाणी घेऊन जाताना कुंपणाशी आली. डोक्यावर हंडा. तिने पडवीकडे बघितलं. ग्लास बघितले. केस बघितले. आत बघितलं.

सरूने हात वर केला. "ये की गो!"

धोंडुबाईला वाटलं, बिचारी पोर, भान नाही तिला. तिने मान हलवली, पदर तोंडाला लावला आणि हंड्यासकट मागे फिरली.

"हिला काय झालं?" महिपती म्हणाला.

"रागावली असंल," विमल म्हणाली. "परवा कोंबडीवरून बोलणं झालं."

थोड्या वेळाने सगळ्यात आधी आली बाजूच्या घरची जनी, हातात झाकलेलं पातेलं घेऊन. न बोलता तिने ते पडवीच्या कडेला ठेवलं. झाकणाखाली पिठलं आणि भात. विमलने झाकण उचललं आणि तिचा हात तसाच राहिला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भात आणून देतात, तोच हा. हे तिला कळलं, पण कळून वळेपर्यंत अंगणात टोप्या दिसायला लागल्या. पुरुष येऊन गोठ्याच्या सावलीत उभे राहिले, हात मागे बांधून. कुणी खाकरलं. मग गावातला काळुराम आला, खांद्यावर दोन ओले बांबू, नुकतेच तोडलेले, पानं तशीच. त्याने ते आवाज होऊ न देता जमिनीवर ठेवले.

"काळुरामभाऊ," रघू म्हणाला, "हे बांबू..."

काळुरामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही पाहुणं हाव. तुम्ही बसा. आम्ही बघतो सगळं."

गिरजाबाई परसात भांडी घासत होत्या. अंगणात माणसं जमल्याची चाहूल लागली म्हणून घराला वळसा घालून पुढे आल्या. त्यांना बघून माणसांबरोबर परत आलेली धोंडुबाई पुढे धावली, गळ्यात पडली आणि मोठ्याने रडायला लागली. गिरजाबाईंच्या हातातलं तांब्याचं भांडं खाली पडलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि त्या घराच्या दाराकडे बघत राहिल्या.

भांड्याच्या आवाजाने सखा उठला. चादर खांद्यावर, भिंत धरत धरत, तो दारात येऊन उभा राहिला. टोप्या बघितल्या. बांबू बघितले.

"कोण गेलं रे?" त्याने विचारलं.

अंगणात कुणी हललं नाही.

"काळुराम, बांबू कुणाला?"

"तुलाच," काळुराम म्हणाला. खरं बोलायची त्याला सवय आहे.

सखा दाराला टेकला आणि हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अरं, मापं तरी घ्यायचीस," तो म्हणाला, "मी आता बारीक झालोय, एकात भागलं असतं!" मग पुरुष हसले, आधी घाबरत, मग मोकळे. जनीने पिठल्याचं पातेलं हळूच पदराखाली घेतलं. महिपती म्हणाला, "राहू दे गो, कॉफीपेक्षा बरं असंल."

गिरजाबाई हसल्या नाहीत.


लेक कुणाची?

त्यांनी पडवीत येऊन सरूची डबी उचलली. उकिरड्यापर्यंत चालत गेल्या, डबी उपडी केली, रिकामी डबी आपटली. माणसं अजून अंगणात होती. मग आत गेल्या आणि मुठीत साखर घेऊन आल्या.

"तोंड उघड."

"आये..."

"तोंड उघड म्हणते. माझ्या पोराला जिवंतपणी बांबू आणलं लोकांनी, तुझ्या त्या काळ्या पाण्यापायी. तुझ्या तोंडानं आणलंस, तुझ्याच तोंडानं घालव. सगळ्यांच्या समोर तोंड गोड कर."

"कर गो," धोंडुबाई म्हणाली. "चिमटीभर तर खायचीय."

चिमटीभर साखरेने काही होत नाही, हे सरूला माहीत होतं. हेही माहीत होतं की आजवर पोटात जी गेली ती चिमटीचिमटीनेच गेली. अर्ध्या ग्लासाची ती दुपार अजून तिच्या अंगावर होती. परवा फोटो. आईची मूठ ओठांशी आली, साखरेचे दाणे ओठांना लागले. सरूने तोंड मिटून घेतलं आणि मान फिरवली.

गिरजाबाईंचा हात तसाच हवेत. "भावासाठी एवढं होत नाय तुझ्यानं?"

रघू उठून उभा राहिला. सरूने त्याला हाताने थांबवलं. पदराने ओठ पुसले, नीट, दाणा न् दाणा.

"भावासाठीच होत नाय," ती म्हणाली. "उपास खोटा हाय, आये. देव बी खोटा. मी माझ्या लिव्हरचा तुकडा दादाला देणार हाय. माझ्या लिव्हरवर चरबी हाय म्हणून घेत नव्हते. ती उतरवायला मी साखर सोडली, भात सोडला, दूध सोडलं. परवा बघणार हायत उतरली का ते. तोवर देवानं येऊन भरवली तरी मी खाणार नाय."

अंगणातल्या एकेकाने टोपी सारखी केली. काळुराम बांबू उचलून निघाला, मग त्याला वाटलं आत्ता नको, आणि पुन्हा ठेवले.

गिरजाबाई खाली बसल्या. साखर मुठीतच होती.

"कापणार?"

"व्हय."

"तुला बी? त्याला बी? दोघांना?"

"एकाच दिवशी. माझं पुन्हा वाढतं. भात कापल्यावर बुडख्याला फुटवा येतो ना, तसं."

"मला शेती शिकवू नको." गिरजाबाईंनी जावयाकडे बघितलं. "तुम्ही व्हय म्हणालात?"

"नाय म्हणून बघितलं, आई," रघू म्हणाला. "ऐकते का ही कुणाचं?"

"तुझ्या बापानं," त्या सरूला म्हणाल्या, आवाज एकदम खाली, "तुझ्या सासरी पाणी नाय घेतलं कधी. रोह्याला आले तर स्टँडवर पाणी पिऊन तुझ्या दारात यायचे. दिलेली लेक ती. तिच्याकडचं घेऊ नये. आन् मी तिचं काळीज कापून घेऊ? तुझ्या पोरांना काय सांगू, आजीला तुमच्या आईपेक्षा मामा जास्ती होता?"

"तुला कोण देतंय?" सरू म्हणाली. "तू घेऊ नको. मी माझ्या भावाला देते."

"आन् तू गेलीस तर?"

सरूने मोकळे केस मागे बांधले. दारात सखा उभा होता; त्याचं हसणं केव्हाच गेलं होतं. "आये, मी तिला नको म्हटलं होतं," तो म्हणाला.

"तू बोलू नको. तू जाऊन पड."

दुपारच्या गाडीने सरू आणि रघू परत निघाले. आई गोठ्याकडे तोंड करून बसली होती. सरू पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण हातही डोक्यावर ठेवला नाही.


किती उरली?

"थांबा. श्वास घ्या. धरा. सोडा."

"..."

"पुन्हा."

"..."

"जेवण काय चालू आहे?"

"अंडी. सुकट."

"कॉफी?"

"कोरी."

"एकदाही मोडलं नाही?"

"मोडलं. अर्धा ग्लास."

"कधी?"

"मागं. मग नाय."

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या. सरूला पडद्यावर राखाडी ढग दिसत होते, आधी जसे दिसले होते तसेच. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने कळायचा प्रयत्न सोडून बाईंच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली.

"तुम्ही काय काम करता?"

"कॉफी विकते. दूध-साखरेची."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट वळून बघितलं.

"रोज?"

"रोज."

"मोठ्या सरांना दाखवते," त्या म्हणाल्या. "पण मला विचाराल तर, घेता येईल."

फोन (सरूच्या बाजूचा):

"दादा? ... व्हय. ... व्हय म्हणाली ती. मोठे सर बी म्हणाले. ... रडायचं नाय असं तूच सांगितलंस ना? ... आये हाय तिथं? ... दे. ... बरं, नको देऊ. नुसतं सांग तिला. ... काय म्हणाली? ... काहीच नाय? ... बरं."


आधी कुणाला?

सकाळी लवकर दोघांनाही हिरवे झगे घालून चाकाच्या खाटांवर घेतलं. एकाच व्हरांड्यात, शेजारी शेजारी. सखा पिवळा, सरू बारीक; झगा तिला मोठा होत होता. रघू कधी या खाटेशी, कधी त्या खाटेशी. विमल सखाचे पाय चोळत होती.

गिरजाबाई कासूहून सखाबरोबर आल्या होत्या. त्या रविवारपासून त्या लेकीशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. कागदांवर सह्या झाल्या, अवयवदानाच्या समितीपुढे सगळ्यांना बोलावणं झालं, तिथेही त्या सखाच्या बाजूला बसल्या. समितीतल्या माणसाने सरूला विचारलं होतं की घरातून कुणी दबाव आणलाय का, आणि सरू म्हणाली होती, "आणलाय. देऊ नको म्हणून."

आता त्यांनी परिचारिकेला विचारलं, "आधी कुणाला नेणार?"

"ताईंना. त्यांचं उघडून बघतील, सगळं बरोबर दिसलं की मग दादांना घेतील."

"आन् बरोबर नाय दिसलं तर?"

"तर ताईंना शिवून परत आणतील, आजी. दादांना मग हात लावणार नाहीत."

गिरजाबाई दोन खाटांच्या मध्ये उभ्या होत्या. डाव्या हाताला मुलगा. उजव्या हाताला लेक. वॉर्डबॉयने सरूच्या खाटेचा ब्रेक पायाने सोडला.

सखा म्हणाला, "आये, जा तिच्याबरोबर."

"नको," सरू म्हणाली. "दादाकडं थांब. मला काय होतंय?"

"गप गो." त्या दिवसानंतरचा हा पहिला शब्द. "सारखं आपलंच खरं. लहानपणापास्नं."

त्यांनी खाटेची दांडी धरली. खाट निघाली तशा त्या तिच्या वेगाने चालू लागल्या, पायात स्लिपर, नऊवारीचा काष्टा घट्ट. वळणावर खाट वळली, त्या वळल्या. मागे सखाने मान उचलून बघायचा प्रयत्न केला. विमलने त्याची मान हाताने धरली.

दोन झडपांच्या दाराशी वॉर्डबॉय थांबला. "इथून पुढे नाही, आजी."

गिरजाबाईंनी दांडी सोडली. सरूच्या कपाळावरची टोपी वर गेली होती, ती खाली ओढली. केस आत सारले.

"भूक लागलीय?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"खोटं."

"व्हय, लागलीय."

"बाहेर आलीस की सांग काय चालतं ते. त्यातलंच करीन."

दार उघडलं, खाट आत गेली, दार दोनतीनदा हललं आणि थांबलं.

भिंतीला लागून खुर्च्या होत्या. गिरजाबाई दारासमोरच्या फरशीवर बसल्या, मांडी घालून.

"आजी, खुर्च्या तिकडे आहेत," परिचारिका म्हणाली.

"दिसतायत मला," त्या म्हणाल्या, आणि दारावरची नजर काढली नाही.